अशोकारिष्टाच्या आधी एक रक्ततपासणी

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीला खेटून असलेल्या पाम, कुंभवली, कोलवडे, सालवड या गावांतल्या अनेक घरांचा दिवस कारखान्यांच्या शिफ्टवर चालतो. घरातली बाई पहाटे उठते, पाणी भरते, डबे करते आणि सातच्या आत कामावर पोहोचते. पॅकिंगचे काम असेल तर आठ तास उभ्याने. अशा बाईला चाळिशीच्या आसपास पाळीत जास्त जाऊ लागले, तर ती लगेच कुणाला सांगत नाही. आधी दोनाचे तीन पॅड होतात, मग गाठी पडू लागतात, मग चार दिवसांची पाळी आठ दिवसांवर जाते. जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते. एक दिवस जावेपाशी विषय निघतो. जाऊ म्हणते, ‘डॉक्टरकडे गेलीस तर पिशवी काढायला सांगतील. आधी हे घेऊन बघ.’ हे म्हणजे अशोकारिष्टाची बाटली.

हे चित्र एका घरातले नाही. पालघरपासून डहाणूपर्यंत आणि राज्यातल्या कुठल्याही तालुक्यात ते थोड्याफार फरकाने दिसते. बाटली मेडिकलमध्ये मिळते, चिठ्ठी लागत नाही, कुणापुढे तपासणीला झोपावे लागत नाही आणि ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ असा दिलासाही मिळतो. पाळीच्या तक्रारींसाठी अशोकाची साल वापरण्याची परंपरा जुनी आहे आणि तिची टिंगल करण्याचे कारण नाही. मात्र आज ही बाटली ज्या पद्धतीने घेतली जाते, त्यात दोन गोष्टी अंधारात राहतात. बाईच्या पोटात नेमके काय बिघडले आहे हे कुणी पाहिलेले नसते आणि बाटलीत कोणत्या झाडाची साल आहे हेही तिला ठाऊक नसते.

दोन अशोक

आधी झाडाकडे पाहू. शहरातल्या सोसायट्यांच्या कुंपणाला, शाळांच्या आणि कारखान्यांच्या फाटकांपाशी जे उंच, सरळसोट, मशालीसारखे झाड दिसते, त्याला बहुतेक जण अशोक म्हणतात. सणाला त्याच्याच पानांची तोरणे बांधली जातात. गुजरातकडे त्याला आसोपालव म्हणतात. औषधातला अशोक तो नव्हे. खरा अशोक म्हणजे सीता अशोक. रामायणातल्या अशोकवनाशी लोकांनी ज्याचे नाते जोडले, तो. मध्यम उंचीचा, पसरट, गर्द सावलीचा हा वृक्ष वसंताच्या सुमारास केशरी-लाल फुलांच्या गुच्छांनी भरून जातो. त्याची कोवळी पालवी तांबूस आणि खाली लोंबणारी असते.

दोघांचे कूळही वेगळे आहे. सीता अशोक हा चिंचेच्या गोतातला. त्याला चपट्या शेंगा येतात आणि एका देठावर पानांच्या अनेक जोड्या असतात. तोरणातला अशोक सीताफळाच्या कुळातला. त्याचे पान एकेकटे, लांब, कडेला लाटांसारखे वळलेले. त्याची फुले हिरवट असतात आणि पानांत दिसतही नाहीत. नाव सारखे असले, तरी चिंच आणि सीताफळ यांच्यात जेवढे अंतर, तेवढे या दोन झाडांत आहे.

सीता अशोक पश्चिम घाटात नैसर्गिकरीत्या उगवतो. औषधासाठी लागते ती त्याची साल, आणि साल चहूबाजूंनी सोलली की झाड मरते. वर्षानुवर्षे अशी ओरबाड झाल्याने आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने या वृक्षाची नोंद धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये केली आहे. झाडे कमी झाली, पण सालीची मागणी कमी झाली नाही. ही तूट कशाने भरून निघते, याचे उत्तर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासाने दिले. संशोधकांनी मुख्यतः दक्षिण भारतातल्या २५ दुकानांतून ‘अशोकाची साल’ विकत आणली आणि डीएनए चाचणीने तिची ओळख पटवली. ८० टक्क्यांहून अधिक नमुने अशोकाचे नव्हते. त्यात किमान सात वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पती निघाल्या.

हा अभ्यास कच्च्या सालीचा होता, तयार बाटल्यांचा नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. सगळे उत्पादक भेसळ करतात, असे त्यातून सिद्ध होत नाही. पण अरिष्ट सालीपासूनच बनते. साल एकदा उकळून, गूळ घालून आंबवली की तयार द्रवातून मूळ झाड ओळखणे फार अवघड होते. म्हणून ओळख पोत्यापाशीच पटवायला हवी. ती पटवली गेली की नाही, हे बाटलीच्या लेबलवर कळत नाही.

ग्रंथ काय सांगतात

चरकसंहितेत अशोकाचा उल्लेख वेदना शमवणाऱ्या औषधांच्या गटात येतो. पुढे अकराव्या शतकातल्या चक्रदत्तात अशोकाची साल दुधात उकळून अति रक्तस्रावावर द्यायला सांगितली आहे. अशोकारिष्टाची प्रचलित कृती भैषज्यरत्नावलीतली. त्यात अशोकाच्या सालीसोबत गूळ, धायटीची फुले, जिरे, सुंठ, नागरमोथा, दारुहळद, त्रिफळा, आंब्याची कोय, अडुळसा, चंदन अशी द्रव्ये येतात. यातली धायटी आंबवण्यासाठी लागते आणि ती आपल्याकडच्या डोंगरांतही फुलते.

पण हेच शास्त्र निदानाशिवाय औषध द्यायला सांगत नाही. चरकसंहितेत असृग्दराचे, म्हणजे अति रक्तस्रावाचे, चार प्रकार केले आहेत आणि प्रत्येकाची लक्षणे वेगळी दिली आहेत. कारण शोधा आणि ते दूर करा, हा आयुर्वेदाच्या चिकित्सेचा पाया आहे. त्यामुळे मेडिकलच्या काउंटरवरून नाव सांगून नेलेली बाटली ही आयुर्वेदाची चिकित्सा ठरत नाही. चांगला वैद्य नाडी बघतो, पाळीचा इतिहास विचारतो आणि आजच्या काळात हिमोग्लोबिन व सोनोग्राफीही सांगतो. जाहिरात यातले काहीच करत नाही.

अशोकाच्या सालीत टॅनिनसारखे तुरट घटक भरपूर असतात आणि गर्भाशयाच्या स्नायूंवरील तिच्या परिणामाचे प्रयोगशाळेत काही अभ्यास झाले आहेत. तरीही जास्त रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांवर केलेल्या मोठ्या, काटेकोर चाचण्यांचे पाठबळ या औषधाला आज नाही. ते घेणाऱ्या अनेकींना बरे वाटते, हेही खरे. मात्र चाळिशीनंतरची पाळी स्वतःच लहरी असते. एका महिन्यात खूप जाते, पुढच्या महिन्यात आपोआप कमी होते. त्याच महिन्यात बाटली सुरू केलेली असेल तर श्रेय बाटलीला मिळते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असा हा प्रकार असू शकतो. दरम्यान मूळ आजार आपल्या गतीने वाढत राहतो.

लोहाचा हिशेब

जास्त रक्त जाणे हा आजार नसून लक्षण आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिगोने, २०११ मध्ये त्याच्या कारणांचे नऊ गट केले. गर्भाशयातला मांसाचा छोटा कोंब, गर्भाशयाचे अस्तर स्नायूत शिरणे, फायब्रॉइडच्या गाठी, कर्करोग व त्याची पूर्वावस्था, रक्त गोठण्यातला दोष, बीजांडाच्या कामातला बिघाड, अस्तराचा दोष, औषधांचे परिणाम आणि इतर. थायरॉइड बिघडले तरी पाळी बिघडते. या नऊ कुलपांना एकच किल्ली लागेल, असे कोणतेही वैद्यकशास्त्र म्हणणार नाही.

कारण काहीही असो, रक्त जात राहिल्याचे नुकसान मोजता येते. नेहमीच्या पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरच्या वर ते जास्त मानले जाते. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात अंदाजे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे ८० मिलिलिटरसोबत महिन्याला ४० मिलिग्रॅम लोह गेले. रोजच्या जेवणातून शरीर जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषते आणि त्यातले सुमारे एक मिलिग्रॅम रोजच्या झिजेतच खर्च होते. जमा कमी आणि खर्च जास्त, असा हिशेब वर्षभर चालला की शिल्लक संपते.

ही घसरण हळू असल्याने शरीर तिच्याशी जुळवून घेते. हिमोग्लोबिन १२ वरून १०, तिथून ८, मग ६ होते आणि बाई कामावर जातच राहते. थकवा वयाचा, धाप वजनाची, चक्कर उपासाची, असे ती स्वतःलाच समजावते. रुग्णालयात येते तेव्हा रक्ताच्या पिशव्या चढवण्याची वेळ आलेली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या महाराष्ट्रातल्या ५४ टक्के, तर देशातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे निम्म्याहून जास्त जणी आधीच रिकाम्या खिशाने उभ्या आहेत. पालघरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचाही विचार करावा लागतो. तिथे रक्त का कमी आहे हे न पाहता टॉनिक देणे म्हणजे अंधारात दगड मारणे.

रक्तक्षयाहून गंभीर शक्यताही आहे. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर अशा दहा स्त्रियांपैकी सुमारे एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो. संबंधानंतर रक्त दिसणे किंवा दुर्गंधीयुक्त पाणी जाणे ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची खूण असू शकते. हे दोन्ही कर्करोग लवकर सापडले तर बरे होऊ शकतात. ‘पाळी परत सुरू झाली’ किंवा ‘उष्णता झाली’ असे म्हणून सहा महिने अरिष्ट घेत बसलेल्या बाईचे हेच सहा महिने हातचे जातात.

ती रुग्णालयात का येत नाही?

एवढे सगळे ऐकून बाईला अडाणी ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. जावेने सांगितलेली पिशवी काढण्याची भीती हवेतून आलेली नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजले. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ८२ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून पांढरे जाणे, पोट दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या तरुण बायकांना थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेण्यात आले. ज्या समाजाने हे पाहिले, त्यातल्या बाईला बाटली सुरक्षित वाटली तर दोष एकट्या तिचा नाही.

दुसरे कारण वेळेचे. सरकारी रुग्णालयातला बाह्यरुग्ण विभाग सकाळी भरतो, तेव्हा ती कामावर असते. कंत्राटी कामगाराची एक रजा म्हणजे एका दिवसाची मजुरी. तिसरे कारण संकोचाचे. पाळीबद्दल पुरुष डॉक्टरला, तेही गर्दीत, दोन मिनिटांत काय सांगायचे? ही तिन्ही कारणे रुग्णालयांनी सोडवायची आहेत. औद्योगिक पट्ट्यात आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी स्त्रियांसाठी बाह्यरुग्ण विभाग चालला पाहिजे आणि तिथे बोलायला आडोसा हवा. आशाताई आणि परिचारिका हिमोग्लोबिन तपासतात, लोहाच्या गोळ्या देतात. त्याच वेळी ‘पाळीत किती दिवस जाते, किती पॅड लागतात?’ हे दोन प्रश्न विचारले तर अर्धे निदान गावातच होईल. नळ गळका ठेवून टाकी भरण्यात अर्थ नाही.

आणि बहुतेक वेळा पिशवी काढावी लागत नाही, हे बायकांना स्पष्ट सांगायला हवे. रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक आम्ल ही गोळी अनेक दशके वापरात आहे. उताको ओकामोतो या जपानी डॉक्टर बाई आणि त्यांच्या पतीने बाळंतपणातल्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू टाळण्याच्या ध्यासातून ती शोधली. पाळीचे दिवस घेतल्यास ती रक्तस्राव बराच कमी करते. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेल्यांना ती चालत नाही, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन आहे, थायरॉइडचे उपचार आहेत, फक्त कोंब काढण्याची छोटी शस्त्रक्रिया आहे. गर्भाशय काढणे हा शेवटचा उपाय आहे आणि तो सुचवला गेला तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क प्रत्येकीला आहे.

कायदा कागदावर

औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. कोणतेही औषध स्त्रियांच्या पाळीतला बिघाड दुरुस्त करते, अशी जाहिरात करायला हा कायदा मनाई करतो. औषध आयुर्वेदिक असो वा अ‍ॅलोपॅथिक. तरीही पाळीच्या ‘सर्व तक्रारींवर एकच उपाय’ सांगणाऱ्या जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. कायदा करणाऱ्यांनी सत्तर वर्षांपूर्वीच ओळखले होते की या तक्रारी लाजेने लपवल्या जातात आणि म्हणूनच त्यांच्यावर बाजार करणे सोपे असते. तो कायदा आता वापरला गेला पाहिजे. सोबत, अशोकाची साल विकत घेताना तिची ओळख चाचणीने पटवल्याचा दाखला प्रत्येक उत्पादकाकडे असावा आणि औषध प्रशासनाने तो तपासावा. याचा सर्वात मोठा फायदा प्रामाणिक वैद्यांना आणि प्रामाणिक उत्पादकांनाच होईल. भेसळीने बदनाम होतो तो आयुर्वेदच.

आजी-पणजी अशोकच घेत होत्या, त्यांचे काय बिघडले, असा प्रश्न येतो. त्यांच्या काळी वैद्य झाड ओळखून स्वतः साल आणत असे. त्या काळच्या बाईची बरीच वर्षे बाळंतपणात आणि अंगावर पाजण्यात जात, त्यामुळे तिच्या आयुष्यात पाळ्याही कमी येत. आजच्या स्त्रीला आयुष्यात सुमारे ४०० पाळ्या येतात. आणि आजींपैकी कितीजणी ‘अंगावरून जाऊन’ गेल्या, याची नोंद कुणी ठेवली नव्हती.

काय करावे

दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे, आठ दिवसांहून जास्त पाळी चालणे, २१ दिवसांच्या आत पुन्हा पाळी येणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसणे, पाळी थांबल्यावर वर्षाने पुन्हा रक्त दिसणे, यातले एक जरी असेल तर कोणतीही बाटली उघडण्याआधी तपासणी करावी. दिवस गेल्याची शक्यता असताना रक्त जात असेल आणि पोटात दुखत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवाशी गाठ असते.

तपासणीनंतर, वैद्यांच्या देखरेखीखाली ज्यांना अशोकारिष्ट घ्यायचे आहे त्यांनी ते घ्यावे. मात्र त्यात गूळ असतो आणि आंबवण्यातून तयार झालेले साधारण ५ ते १० टक्के मद्यार्क असते, हे मधुमेही, यकृताचा आजार असलेल्या आणि गर्भवती स्त्रियांनी विसरू नये. तुरट औषधातले टॅनिन चहासारखेच लोहाला बांधून ठेवू शकते, म्हणून लोहाची गोळी आणि अरिष्ट यांत दोन तासांचे अंतर असावे. दोन-तीन पाळ्यांत फरक पडला नाही तर पुढची बाटली आणू नये.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. हिमोग्लोबिनसाठी बोटाच्या टोकाचा एक थेंब लागतो आणि काही मिनिटांत आकडा कळतो. पामच्या त्या जावेने पुढच्या वेळी बाटली जरूर सुचवावी. फक्त त्याआधी दोघींनी मिळून उपकेंद्रात जाऊन हा आकडा बघून यावा. एकटीला लाज वाटते, दोघी असल्या की वाटत नाही.